गगनचुंबी इमारतीचे कारागीर

कोणतीही मोठी वास्तू उभी राहिली म्हणजे तिच्याबरोबर बहुधा दोनच नावे मागे राहतात. एक बांधविणाऱ्या धन्याचे, आणि दुसरे, राहिलेच तर, आराखडा काढणाऱ्याचे. पाया खणणारा बेलदार, दगड घडविणारा पाथरवट, भिंत रचणारा गवंडी, तुळया चढविणारा सुतार यांची नावे वास्तुशांतीच्या पंगती उठण्यापूर्वीच विस्मृतीत जातात. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीने आपले नाव कोरवून घेतले, म्हणून ते आज तीन शतकांनंतरही वाचता येते. परंतु त्याच्या हाताखाली ज्यांनी ते चिरे गडावर चढविले त्यांच्या वाट्याला अशी पायरी आली नाही. हा जगाचाच न्याय आहे, आणि सर्व देशांत तो सारखाच चालत आला आहे.

विसाव्या शतकातील एक प्रचंड इमारत मात्र या न्यायाला काही अंशी अपवाद ठरली. ती म्हणजे न्यूयॉर्क शहरातील फिफ्थ ॲव्हेन्यूवरची एम्पायर स्टेट बिल्डिंग. ती बांधताना कोणत्या दिवशी कोणत्या धंद्याची किती माणसे कामावर होती, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. एका थोर छायाचित्रकाराने काम चालू असतानाच त्या माणसांची चित्रे घेतली. आणि इमारत पुरी झाल्यावर काही कारागिरांची नावे तिच्या दर्शनी दालनातच लावण्यात आली. यामुळे ज्यांनी ती हातांनी उभी केली त्यांच्या बाजूनेही तिचा इतिहास सांगता येतो; आणि तो नुसत्या उंचीच्या इतिहासाहून अधिक विचार करावयास लावणारा आहे.

प्रथम तिचे आकारमान पाहिले पाहिजे. इमारत १०२ मजल्यांची असून तिची उंची, माथ्यावर नंतर बसविलेला प्रक्षेपणस्तंभ सोडून, १,२५० फूट म्हणजे ३८१ मीटर आहे. दिल्लीचे पाच कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी ते तिच्या माथ्याला टेकणार नाहीत. तिच्या सांगाड्यात सुमारे ५७,००० टन पोलाद आहे, आणि भिंतींत सुमारे एक कोटी विटा आहेत. असे असूनही १७ मार्च १९३० रोजी बांधकामास प्रारंभ झाला आणि १ मे १९३१ रोजी तिचे उद्घाटन झाले. मध्ये गेले ते अवघे ४१० दिवस. आपल्याकडे एखादा साधा दुमजली वाडा बांधावयाचा तरी दोन पावसाळे जातात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

या कामामागे भांडवल होते ते जॉन रॅस्कॉब या धनाढ्य उद्योगपतीचे. दर्शनी प्रमुख होते न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ, ज्यांचा १९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हर्बर्ट हूव्हर यांनी पराभव केला होता. आराखडा श्रीव्ह, लॅम्ब आणि हार्मन या वास्तुशिल्पी मंडळाचा, त्यातही मुख्यतः विल्यम लॅम्ब यांचा. आणि बांधकामाचा मक्ता स्टॅरेट बंधू आणि एकेन यांचा. ही नावे ग्रंथांतून आढळतात. परंतु मक्तेदाराने आराखडा हातात घेतल्यापासून इमारतीत पहिला भाडेकरू येईपर्यंत जे घडले, ते या नावांनी केलेले नाही.

इतकी उंच इमारत बांधणे मुळात शक्य कसे झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. शेकडो वर्षे इमारतीचा भार भिंतीच वाहत असत. मजले जितके अधिक, तितकी तळाची भिंत जाड करावी लागे. शिकागो शहरात १८९१ साली पुरी झालेली मोनॅडनॉक नावाची सोळा मजली इमारत अशा भारवाही विटांच्या भिंतींवर उभी आहे, आणि तळाशी त्या भिंती सहा फूट जाड आहेत. आणखी मजले चढवावयाचे तर तळमजल्यावर भिंतीच भिंती होऊन माणसांना जागाच उरली नसती. त्याच शहरात विल्यम ल बॅरन जेनी यांनी १८८५ साली दहा मजल्यांच्या होम इन्शुरन्स इमारतीत धातूच्या सांगाड्यावर भार पेलण्याची युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरून दाखविली होती. भार सांगाड्याने वाहावयाचा, आणि भिंतीने केवळ ऊन, वारा, पाऊस अडवावयाचा, ही नवी वाटणी होय. त्यापूर्वीच, १८५४ साली, एलिशा ओटिस यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभे राहून वरचा दोर तोडण्यास सांगितले होते, आणि तरीही पाळणा जागच्या जागी अडकून राहतो हे लोकांना दाखविले होते. सुरक्षित लिफ्ट आणि पोलादी सांगाडा ही दोन साधने हाती आल्यावर इमारतींच्या उंचीवरील जुने बंधन सुटले.

या बदलात एक गोष्ट घडली, ती सहसा सांगितली जात नाही. इमारतीतील कारागिरांची उतरंड बदलली. जेथे गवंडी हा कामाचा राजा होता, तेथे त्याच्या पुढे पोलाद उभारणारा आला. गवंड्याची भिंत आता दुसऱ्याने उभ्या केलेल्या सांगाड्याला नेसविलेले वस्त्र झाली. ज्या धंद्याला पन्नास वर्षांपूर्वी नावही नव्हते, तो धंदा शहराच्या आकाशरेषेचा धनी झाला.

एम्पायर स्टेटच्या जागी पूर्वी वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हे वैभवशाली हॉटेल होते. १९२९ च्या शरदात ते पाडावयास घेतले, आणि काही आठवड्यांतच न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. तरीही काम थांबले नाही. जानेवारी १९३० मध्ये पाया खणण्यास आरंभ झाला, आणि एप्रिलमध्ये पहिले पोलादी खांब उभे राहिले.

शहराच्या ऐन मध्यभागी पोलाद साठवावयास जागा नव्हती. पेनसिल्व्हेनियातील कारखान्यांत तयार झालेल्या तुळया आणि खांब प्रथम न्यूजर्सीकडील आवारात येत, तेथून नदी ओलांडून ट्रकांनी कामावर येत, आणि आल्याबरोबर उचलले जात. प्रत्येक नगावर त्याची जागा आणि त्याला उचलणारी यारी यांच्या खुणा रंगविलेल्या असत. ही यारी म्हणजे डेरिक. ती चालविणारा यंत्रचालक पुष्कळदा कित्येक मजले खाली बसलेला असे. वर लोंबकळणारा नग त्याला दिसतही नसे. वरून घंटेची खूण येईल त्याप्रमाणे तो दोर ओढी, सोडी अगर थांबवी. डोळ्यांना न दिसणारे कित्येक टनांचे ओझे केवळ घंटेच्या इशाऱ्यावर दोन इंचांच्या अंतराने हलविणे, हे त्याचे कसब होते.

नग वर आला की जोडारी त्याच्या स्वागताला तयार असत. तुळईवर पाय रोवून, एका हाताने आधार धरून, दुसऱ्या हाताने ते नगाला जागेवर ओढीत, पहारीचे टोक भोकांतून घालून भोकाला भोक जुळवीत आणि तात्पुरते बोल्ट अडकवीत. त्यांच्या मागून ओळंबा पाहणारी टोळी येई. खांब तंतोतंत उभा आहे की नाही हे पाहून तारांच्या ताणाने ती तो सरळ करी. खालच्या मजल्यावर झालेली केसभर चूक शंभराव्या मजल्यापर्यंत किती वाढेल, हे त्यांना ठाऊक असे. ओळंबा जुळला की मग रिव्हेट ठोकणाऱ्यांची पाळी.

रिव्हेट ठोकणारी टोळी चौघांची असे. पहिला भट्टीवाला. फळ्यांच्या अरुंद मचाणावर लहानशी भट्टी पेटवून तो रिव्हेट लालभडक तापवी, आणि सांडशीत धरून तो निखारा दूरवर, कधी वरच्या मजल्यावरही, अचूक भिरकावी. दुसरा झेलणारा. त्याच्या हातात एक पत्र्याचा डबा असे. आपल्याकडे येणारा जळता गोळा तो डब्यात झेली, तुळईवर आपटून त्याची राख झाडी, आणि भोकात बसवी. तिसरा टेकू देणारा. तो रिव्हेटच्या डोक्यामागे जड लोखंडी दांडा घट्ट दाबून धरी. आणि चौथा हातोडेवाला. हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने तो दुसऱ्या टोकाला ठोकून त्याचे डोके बनवी. हे सारे काही सेकंदांत व्हावयाचे, कारण रिव्हेट थंड झाला की तो निकामी. आणि येथेच या जोडणीचे मर्म होते. ठोकलेला रिव्हेट निवू लागला की आकसतो, आणि आकसताना दोन्ही पत्र्यांना एकमेकांवर करकचून आवळतो. म्हणजे शेवटचे काम निवणारे लोखंड स्वतःच करीत असे. माणसांनी फक्त ते वेळेवर तेथे पोहोचवावयाचे.

या चौघांपैकी एक जरी त्या दिवशी आला नाही तरी उरलेल्या तिघांना काम नसे. म्हणून त्यांचे नाते साध्या सहकाऱ्यांचे नव्हते. फेकणाऱ्याच्या हाताचा नेम आणि झेलणाऱ्याचा डोळा यांची ओळख महिनोन्‌महिने एकत्र काम केल्यानेच होते. एक चुकलेला निखारा खाली रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या मृत्यूला कारण होऊ शकत असे. या कौशल्याला त्या काळी दिवसाला सुमारे पंधरा डॉलर मजुरी मिळे, आणि ती चांगली समजली जाई.

ही माणसे आली कोठून? आयर्लंड, स्कँडिनेव्हिया, जर्मनी, इटली अशा देशांतून आलेले निर्वासित आणि त्यांची मुले त्यांत होती. न्यूफाउंडलंड बेटावरील मच्छीमार आणि खलाशी यांच्या घराण्यांतील माणसे होती. आणि कॅनडातील माँट्रियल शहराजवळच्या कानवागे या वसाहतीतील मोहॉक जमातीचे लोक होते. या मोहॉकांची कथा विशेष आहे. १८८६ साली सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेचा पूल बांधताना एका कंपनीने त्यांच्या राखीव जमिनीचा उपयोग केला, आणि त्याच्या बदल्यात त्यांना मजुरी देण्याचे कबूल केले. प्रथम त्यांच्याकडे हमालीचेच काम होते. परंतु त्यांतील तरुण पुलाच्या सांगाड्यावर चढू लागले, काम शिकू लागले, आणि लवकरच त्यांच्या स्वतःच्या रिव्हेट टोळ्या तयार झाल्या. पुढे ते न्यूयॉर्कला आले, आणि ब्रुकलिन भागात त्यांची वस्तीच झाली.

मोहॉकांना उंचीचे भय जन्मतःच नसते, असे एक मत तेव्हापासून पसरले आहे. ते खरे नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी क्वेबेकचा अपुरा पूल कोसळला आणि ७५ कामगार मृत्यू पावले. त्यांपैकी ३३ जण एकट्या कानवागेचे होते. त्या लहानशा वसाहतीच्या दफनभूमीत अशा मृतांच्या थडग्यांवर पोलादी तुळयांचे क्रूस उभे केलेले आहेत. ज्या गावाने हे पाहिले त्याला भय म्हणजे काय हे शिकविण्याची आवश्यकता नव्हती. भय नसणे हा रक्ताचा गुण म्हणून सांगितला की ते आटोक्यात ठेवण्यास लागलेली वर्षे, शिस्त आणि सरावाने मिळविलेली पावलांची खात्री यांचे श्रेय आपोआपच काढून घेतले जाते. कारागिराच्या कौशल्याला निसर्गाची देणगी म्हणून मोकळे होणे, ही त्याला कमी लेखण्याचीच एक सभ्य रीत होय.

पोलादावर चालणारी ही माणसे खालून दिसत, म्हणून त्यांची कीर्ती झाली. परंतु इमारत त्यांनी एकट्यांनी बांधलेली नाही. १४ ऑगस्ट १९३० रोजी त्या कामावर सर्वांत अधिक, म्हणजे ३,४३९ माणसे होती. त्या गर्दीच्या दिवसांतील आकडे पाहिले तर पोलाद उभारणारे २८५ आणि डेरिकवाले १०७ आढळतात. म्हणजे नऊ जणांमागे एखादाच. बाकीच्यांत वीटकाम करणारे गवंडी २९०, त्यांना विटा आणि कालवलेला माल पुरविणारे ३८४, सुतार २२५, लिफ्ट बसविणारे २४९, नळकाम करणारे १९२, वीजकाम करणारे १०५, असे लोक होते. त्यांच्याखेरीज मुकादम, तपासनीस, हिशेबनीस आणि तहानेल्यांना पाणी नेऊन देणारी मुलेही होती.

यांपैकी प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून होते. पोलादाचा सांगाडा पुढे जाई. त्याच्यामागून सुतार फळ्यांचे साचे बांधीत, त्यांवर तारांची जाळी अंथरून काँक्रीटची जमीन ओतली जाई, ती घट्ट झाली की साचे सोडवून वरच्या मजल्यावर नेले जात. त्याच्यामागून गवंडी, मग नळ आणि विजेच्या तारा, मग गिलावा, मग संगमरवर आणि रंग. दिंडीत जसे पुढच्याने पाऊल उचलले की मागच्याने टाकावे लागते, आणि कोणी एक थबकला की सारी ओळ खोळंबते, तसा हा प्रकार होता. ही ओळ आठवड्याला सरासरी साडेचार मजले या वेगाने चढत गेली. सप्टेंबर १९३० मध्ये सांगाडा ८६ व्या मजल्याला पोहोचला, आणि नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या भिंतींचे दगडकाम आटोपले.

वेग साधला तो माणसांना पळवून नव्हे, तर त्यांच्या वाटेतील अडचणी काढून. एरवी विटा रस्त्यावर ओतून हातगाड्यांनी वाहून नेत. येथे ट्रक सरळ आत येऊन विटा तळघरातील कोठीत ओतीत. तेथून त्या गाड्यांत भरून पाळण्याने वर जात, आणि प्रत्येक मजल्यावर घातलेल्या लहानशा रुळांवरून थेट गवंड्याच्या हाताशी येत. बाहेरील भिंतीसाठी इंडियाना राज्यातील चुनखडीचा दगड आणला होता. दगडाच्या कडा धातूच्या उभ्या पट्ट्यांनी झाकल्या जाव्यात, असा आराखडाच लॅम्ब यांनी केला होता. त्यामुळे जागेवर दगड तासून सांधा जुळवीत बसण्याचे काम वाचले. कामगारांना जेवणासाठी शंभर मजले खाली उतरावे लागू नये म्हणून इमारतीतच निरनिराळ्या मजल्यांवर पाच उपाहारगृहे चालविली होती.

तरीही हे काम रक्तावाचून झाले नाही. त्या काळच्या छायाचित्रांत कामगारांच्या डोक्यावर कापडी टोप्या दिसतात. आजच्यासारखी कठीण शिरस्त्राणे दिसत नाहीत. कमरेला दोर नाही, खाली जाळे नाही. अधिकृत नोंदींप्रमाणे या बांधकामात पाच कामगार मृत्यू पावले. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत चौदा हा आकडाही आला, आणि याहून कितीतरी मोठ्या आकड्यांच्या अफवाही उठल्या. कामाची व्याप्ती पाहता पाच हा आकडा थोडा आहे असे म्हणण्याची प्रथा आहे. परंतु पाच घरांत तो आकडा थोडा नव्हता.

या कथेतील खरा पेच याहूनही निराळा आहे. १९३० साल मंदीचे होते. शहरात हजारो बांधकाम कामगार रिकामे बसले होते, आणि एम्पायर स्टेटवर काम मिळणे हे भाग्य मानले जाई. अशा वेळी कारागिराला जर काम हवे होते, तर ते सावकाश होणे त्याच्या हिताचे होते. प्रत्यक्षात उलटेच झाले. जितक्या चपळाईने तो रिव्हेट ठोकी, जितकी सफाईने तो भिंत रची, तितका तो दिवस जवळ येई ज्या दिवशी त्याचा बिल्ला परत घेतला जाईल. सांगाडा पुरा झाल्यावर पोलादवाले आधी गेले. त्यांच्यामागून गवंडी, मग सुतार, मग गिलावा करणारे. ज्या क्रमाने ते कामावर आले होते त्याच क्रमाने ते रस्त्यावर आले. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता, आणि उंच इमारती बांधण्याचे युग ओसरत चालले होते. एम्पायर स्टेटहून उंच इमारत उभी राहण्यास पुढे १९७० साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या तरुण कारागिराने त्या माथ्यावर काम केले, त्याच्या साऱ्या उमेदीच्या वर्षांत तितक्या उंचीचे दुसरे काम निघाले नाही.

धन्यांनाही मंदीचा चटका बसला. १ मे १९३१ रोजी वॉशिंग्टनमध्ये बसून अध्यक्ष हूव्हर यांनी कळ दाबली आणि इमारतीत दिवे लागले. परंतु ते दिवे बहुतांशी रिकाम्या खोल्यांतच जळत होते. भाडेकरू मिळेनात, आणि लोक थट्टेने तिला ‘एम्प्टी स्टेट’, म्हणजे रिकामी इमारत, म्हणू लागले. तरीही धन्याच्या हाती इमारत तरी उरली होती. कारागिराच्या हाती त्याचे कसब उरले, आणि त्याला गिऱ्हाईक नव्हते.

या माणसांचे चेहरे आज आपल्याला दिसतात ते लुईस हाइन या छायाचित्रकारामुळे. त्याचा जन्म १८७४ चा. अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरणारे निर्वासित आणि कारखान्यांत राबणारी लहान मुले यांची चित्रे घेण्यात त्याने आपले पूर्वायुष्य वेचले होते. मुलांच्या त्या चित्रांनी बालमजुरीविरुद्ध लोकमत जागे करण्यास मोठे साहाय्य केले. पन्नाशी उलटल्यावर तो एम्पायर स्टेटच्या कामावर आला, कामगारांबरोबर मजल्यामागून मजले चढला, आणि मोक्याचे चित्र हवे तेव्हा यारीला टांगलेल्या पाळण्यात बसून अधांतरी लोंबकळला. पूर्वी त्याने श्रमाने पिचलेली माणसे दाखविली होती. येथे त्याने श्रमात तरबेज झालेली माणसे दाखविली: तुळईवर सहज बसलेला जोडारी, डोळे मिचकावून ओळंबा पाहणारा वृद्ध, दोरावर हात ठेवून वर पाहणारा तरुण. १९३२ साली त्याने या आणि अशा चित्रांचे ‘मेन ॲट वर्क’ हे पुस्तक मुलांसाठी प्रसिद्ध केले. या माणसाचे स्वतःचे भाग्यही त्याच्या कामगारांसारखेच निघाले. हाती काम उरले नाही, घर गेले, आणि १९४० साली तो दारिद्र्यातच वारला. तुळईवर ओळीने बसून जेवणाऱ्या अकरा कामगारांचे जे चित्र जगभर दिसते, ते मात्र त्याचे नव्हे आणि या इमारतीचेही नव्हे. ते १९३२ साली त्याच शहरातील रॉकफेलर सेंटरच्या कामावर घेतलेले आहे.

काम किती पक्के झाले होते याची कसोटी चौदा वर्षांनी लागली. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात वाट चुकलेले एक लष्करी बाँबफेकी विमान या इमारतीच्या ७९ व्या मजल्याच्या सुमारास येऊन आदळले. आग लागली, चौदा माणसे प्राणास मुकली. परंतु सांगाडा उभाच राहिला, आणि दोनच दिवसांनी इमारतीतील कित्येक कचेऱ्या पुन्हा उघडल्या. आराखडा काढणाऱ्याची दूरदृष्टी यात होतीच. पण आराखड्यातील प्रत्येक भोकात योग्य वेळी, योग्य तापलेला रिव्हेट कोणीतरी बसविला होता म्हणूनच ती दूरदृष्टी फळास आली.

त्या रिव्हेटवाल्यांचा धंदा आज राहिलेला नाही. १९५० नंतर उच्च ताणाचे बोल्ट आणि वेल्डिंग यांनी त्याची जागा घेतली. चौघांच्या टोळीऐवजी दोन माणसे तेच काम कमी आवाजात, कमी धोक्यात करू लागली. यात हळहळण्यासारखे काही नाही. निखारे झेलण्याची विद्या लोपली म्हणून कोणाच्या घरी दिवा विझला नाही, उलट कित्येक घरांतील टिकला असेल. पूर्वी पोलादवाल्याने गवंड्याला मागे सारले होते, आता बोल्टाने रिव्हेटवाल्याला सारले. धंदे येतात आणि जातात. परंतु एखादा धंदा जातो तेव्हा त्याने उभे केलेले काम मागे राहते, आणि त्याचा हिशेब कोणाच्या नावावर मांडावयाचा हा प्रश्नही राहतो.

एम्पायर स्टेटच्या बांधकामात उत्तम काम करणाऱ्या निरनिराळ्या धंद्यांतील निवडक कारागिरांना प्रशस्तिपत्रे देण्यात आली, आणि त्यांची नावे कोरलेला एक फलक इमारतीच्या संगमरवरी दालनात बसविण्यात आला. साडेतीन हजारांच्या गर्दीतून निवडलेली ही मोजकीच नावे आहेत. पाणी नेणाऱ्या मुलांची आणि विटा वाहणाऱ्यांची नावे त्यांत शोधणे व्यर्थ होय. तरीही रायगडाच्या पायरीच्या तुलनेने न्याय एक पाऊल पुढे गेला, असे म्हणता येईल: येथे नाव कोरले गेले ते बांधणाऱ्यांच्या मुख्याचे नव्हे, तर हातात हत्यार धरणाऱ्यांचे. उरलेल्यांची नोंद त्या हिशेबाच्या वहीत आहे, नावांनी नव्हे, आकड्यांनी: सुतार २२५, गवंडी २९०, नळकाम करणारे १९२. आणि दुसरी नोंद भिंतीच्या आत, कोणास न दिसणाऱ्या जागी, रिव्हेटच्या प्रत्येक डोक्यावर आहे. एवढ्या वर्षांच्या वाऱ्यात ती सैल झालेली नाही.